कापसाच्या खोलीत केलेला अल्बम

मी संभाजीनगरच्या एका स्का बँडमधे गातो, सहा वर्षं होत आली. २०२५ च्या फेब्रुवारी ते मे मधे मी एकट्यानं नऊ गाण्यांचा अल्बम केला, गिटार, आवाज आणि तीन गाण्यांत आबांची पेटी (हार्मोनियम), बस. ड्रम नाही, बेस नाही, ट्रम्पेट ट्रॉम्बोन तर नाहीच. सगळं रेकॉर्डिंग गावाकडं केलं, परभणी जिल्ह्यातल्या सेलूच्या जवळ आहे आमचं गाव. ज्यांनी ऐकला त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या, बँड फुटला का, आणि आवाज एवढा कानाजवळ कसा काय येतो, कोणत्या स्टुडिओत केलं. दोन्हीची उत्तरं लांबलचक आहेत म्हणून एकदाच नीट लिहून काढतोय.

बँड फुटला नाही. आमचे ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन वाजवणारे दोघंही लग्नाच्या बँडपथकातले आहेत. ट्रम्पेटवाले चाचा पन्नाशीच्या पुढचे, पोरवयापासून वरातीत वाजवतायत, आणि लग्नसराई लागली की ते आमचे राहत नाहीत. सगळ्या तिथी आधीच धरलेल्या, आज जालना उद्या पैठण परवा गेवराई, कधी कधी एका दिवसात दोन सुपाऱ्या. तो त्यांच्या पोटाचा धंदा आहे, त्यात आपण काय बोलणार. त्यामुळं दरवर्षी फेब्रुवारी ते जून आमचा बँड गप्प बसतो. २०२५ ला मला गप्प बसवेना, एवढंच झालं.

स्का म्हणजे काय ते थोडं सांगतो नाहीतर पुढचं लक्षात येणार नाही. जमैकातलं संगीत आहे, १९५० च्या दशकाच्या शेवटी किंग्स्टनमधे तयार झालं, रेगेच्या आधीचं. "एक अन दोन अन तीन अन चार अन" असं मोजलं तर गिटार वाजते ती "अन" वर, आकड्यावर नाही. त्याला स्कँक म्हणतात. आकड्यावर ड्रम आणि बेस असतात आणि वरून ट्रम्पेट, सॅक्स, ट्रॉम्बोन. मला यातली सगळ्यात जवळची वाटणारी गोष्ट अशी की तिथले मोठमोठे वाजवणारे, डॉन ड्रमंड, टॉमी मॅककूक, हे किंग्स्टनच्या अल्फा बॉइज स्कूलमधून आले. नन्सनी चालवलेली गरीब पोरांची शाळा होती ती, तिथं पोरांना बँडमधे वाजवायला शिकवायचे, आणि त्यातल्याच काही पोरांनी पुढं इतरांसोबत १९६४ ला स्कॅटलाइट्स हा बँड उभा केला. म्हणजे संचलनाचं, समारंभाचं ब्रास, म्हणजे फुंकायची पितळी वाद्यं, वाजवणारी पोरंच होती ती. आमचे चाचा वरातीतून आले यात मला कधी काही वेगळं वाटलं नाही, स्का असाच येतो.

एकट्यानं ॲकॉस्टिक स्का करायचा हे पण काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. टोरांटोच्या किंग ॲपॅरेटस बँडचा गायक ख्रिस मरे, त्यानं १९९० च्या दशकात चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर घरी बसून गिटारवर स्का रेकॉर्ड केला आणि १९९६ ला तो अल्बम आला. मी तो कॉलेजात असताना ऐकला होता. मागं कॅसेटची सूं ऐकू येते, तरी पाय हलतो. ड्रम नसताना पाय कसा हलतो हे मला तेव्हापासून कळून घ्यायचं होतं.

आधी संभाजीनगरला टीव्ही सेंटर भागातल्या रूमवरच प्रयत्न केला. तीन रात्री घालवल्या. रिक्षा, वरच्या मजल्यावरची खुर्ची, पाण्याची मोटर, हे सगळं तर होतंच, पण खरी अडचण वेगळी होती. स्कँकचा जीव आवाजात नसतो, आवाज तुटतो तिथं असतो. डाव्या हातानं कॉर्ड दाबायचा, उजवा हात तारांवरून खालून वर ओढायचा आणि लगेच डावी बोटं सैल सोडायची. उचलायची नाहीत हं, सैल, म्हणजे तारा बोटाखालीच मरतात. "चक्" असा आवाज झाला पाहिजे आणि मग काही नाही. इलेक्ट्रिकवर हे सोपं जातं, ॲकॉस्टिकचा डबा मात्र पोकळ, तार मेली तरी तो घुमतो, आणि वर रूम फरशीची, चार भिंती कोऱ्या, त्या घुमतात. माझं प्रत्येक "चक्" दुसऱ्या "चक्" पर्यंत लोंबकळायचं. बँडमधे हे कधी दिसलंच नव्हतं कारण त्या जागेत स्नेअर ड्रम असायचा. हेडफोन लावून ऐकलं की वाटायचं कुणीतरी ओल्या फडक्यानं भिंत पुसतंय.

मग फेब्रुवारीत हरभरा काढायला गावी गेलो. आमचं घर माळवदाचं आहे, पांढऱ्या मातीच्या दोन दोन हात रुंद भिंती. मागच्या खोलीत कापूस भरलेला होता, २२ क्विंटल, आबांनी भाव वाढंल म्हणून ठेवलेला. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ७५२१ रुपये होता आणि व्यापारी त्याच्या खाली मागत होते, त्यामुळं आमच्याकडंच काय, अर्ध्या गावाच्या घरात कापूस होता. मी खोलीत कुदळ आणायला गेलो आणि तिथूनच मायला हाक मारली. आणि माझा आवाज माझ्या तोंडाच्या पुढं गेलाच नाही.

तो क्षण मला शब्दात सांगता येत नाही नीट. म्हणजे जसं कुणी तोंडावर उशी धरावी, पण उशी न लागता. टाळी वाजवली, टाळी हातातच संपली. खोली पंधरा बाय बाराची, तीन बाजूंनी छतापर्यंत कापूस आणि मधे दारापासून आत एक माणूस बसंल एवढी जागा. स्टुडिओवाले लाखभर रुपये घालून भिंतीला जे लावतात ते इथं आबांनी डिसेंबरमधे वेचून ठेवलं होतं. नंतर विचार केला तर सरळच आहे, मऊ भुसभुशीत वस्तूत हवा शिरते आणि आवाजाची ताकद तिथंच खपते, आणि जेवढा थर जाड तेवढा खालचा, भारी आवाज पण खपतो. फोमचा दोन इंची तुकडा नुसते बारीक आवाज खातो, चार फुटाच्या कापसाच्या ढिगानं गिटारची घुमी सुद्धा खाल्ली.

आबांना विचारलं तर ते पहिल्यांदा नाहीच म्हणले. "आत वायर न्यायची नाही. ठिणगी पडली तं वर्षाचं गेलं." बरोबर होतं त्यांचं. मग असं ठरलं की लॅपटॉप बॅटरीवर, चार्जर ढेळजेत, इंटरफेस (माईक लॅपटॉपला जोडायचा डबा) लॅपटॉपच्या यूएसबीवर चालणारा म्हणजे माईकला लागणारे ४८ व्होल्ट तोच देतो. आत बल्ब पण नाही, दार किलकिलं ठेवून ढेळजेतल्या दिव्याचा जेवढा उजेड येईल तेवढा. त्याचा एक फायदा मला नंतर कळला, लाईटीशी काहीच जोडलेलं नसल्यामुळं रेकॉर्डिंगमधे ती ५० हर्ट्झची गुणगुण अजिबात नाही. बॅटरी पावणेदोन तास चालायची. तेवढ्यात जे होईल ते.

एकच कंडेन्सर माईक होता. तो गिटारच्या बाराव्या फ्रेटसमोर (फ्रेट म्हणजे दांडीवरची धातूची पट्टी) एक वीत अंतरावर, तोंड भोकाकडं नाही, भोकासमोर धरला की नुसतं ढब ढब येतं. गिटार आधी, आवाज नंतर. गाताना माईकच्या पुढं मायची जुनी सुती ओढणी तारेच्या कड्यावर ताणून बांधली, "प" आणि "भ" च्या हवेसाठी आणि कापसाचा तंतू माईकमधे जाऊ नये म्हणून पण. तंतू सगळीकडं जायचे. तारांना चिकटायचे, घामात चिकटायचे, आणि साठवलेल्या कापसाची खाज ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, मानेवर आणि कोपराच्या लवणीत बारीक लाल पुरळ. दोन गाणी झाली की विहिरीवर जाऊन आंघोळ.

वेळ पहाटेची ठेवली, चार ते साडेपाच, साडेपाचला मंदिराचा भोंगा लागतो. पहाटे गळा खालचा असतो, बँडमधे जे गाणं पांढरी सहात गातो ते इथं पांढरी पाचात आणलं आणि मग ते वेगळंच गाणं झालं. लय पण खाली आली. एक गाणं आम्ही स्टेजवर मिनिटाला १६० ठोक्यांवर वाजवतो, ते मी ११२ ला गायलो. मुद्दाम नाही, एकटा असताना १६० ला शब्द धावत सुटतात आणि मागं पकडायला कुणी नसतं. जमैकात पण १९६६ च्या सुमाराला स्का सावकाश झाला, ब्रास कमी झालं, गाणारा पुढं आला आणि त्याला रॉकस्टेडी म्हणायला लागले. त्या वर्षी उन्हाळा इतका कडक होता की नाचणाऱ्यांना जलद नाचवेना म्हणून असं झालं अशी गोष्ट सांगतात. खरं खोटं काही असो, एप्रिलात परभणीचा पारा बेचाळीसच्या वर असताना पंखा बंद करून गाणाऱ्याला ती गोष्ट पटते.

गिटारचं लाकूड वाळत होतं ते पण सांगतो कारण कुणाच्या तरी कामाला येईल. आपल्याकडं फेब्रुवारीपासून हवा एवढी कोरडी होते की गिटारचं वरचं फळकूट आत बसतं, तारा खाली येतात आणि फ्रेटवर खडखडतात. गिटारला आजूबाजूच्या हवेत साधारण ४५ ते ५५ टक्के ओल (आर्द्रता) लागते. मी साबणाच्या डबीला छिद्रं पाडली, आत ओला पिळलेला स्पंज ठेवला आणि ती गिटारच्या केसमधे, माथ्याच्या खाली. रोज स्पंज ओला करायचा. चार पाच दिवसात खडखड गेली.

आता आबांची पेटी. आबा भजनी मंडळात वाजवतात. जुन्या जमैकन गाण्यात ऑर्गनवर एक पद्धत आहे, गिटारच्या स्कँकच्या आजूबाजूला बुडबुड्यासारखं वाजतं, ते मला हवं होतं आणि पेटीवर ते होतंय असं वाटलं. पण पेटी ट्यूनरवर नेहमीच्या ४४० हर्ट्झला नव्हतीच, ४४६ दाखवायची, म्हणजे अर्ध्या स्वराचा जवळजवळ पाव भाग वर. पेटीचे सूर जागेवर बदलत नाहीत, प्रत्येक रीड काढून टोकाला घासली तर सूर चढतो, बुडाला घासली तर उतरतो, आणि आबांच्या वडलांच्या वेळच्या पेटीला मी कानस लावणार नव्हतो. गिटारच ४४६ ला चढवली. आबांना पहिल्या दिवशी ते "अन" वर येईना, हात आपोआप समेवर पडायचा. मी टाळ वाजवून दाखवायला लागलो तर तेच म्हणले, "थांब, म्हंजी टाळ वाजला की म्या गप बसायचं, अन टाळ गप बसला की म्या." हाव, तेच. मला सहा वर्षांत कुणाला इतकं सोपं करून सांगता आलं नव्हतं. त्यानंतर त्यांनी तीनही गाणी एकेका टेकमधे दिली, त्यात भात्याचा श्वास ऐकू येतो आणि तो मी काढला नाही.

मार्चच्या मध्यात एक दिवस सकाळी टेम्पो आला. पाच गाणी झाली होती, चार राहिली होती. व्यापारी हमीभावाच्या जवळ आला होता आणि घरात बहिणीच्या दवाखान्याचा खर्च होता, आबांनी मला विचारलं, "तुझं झालं का रं?" मी हो म्हणलं. खोटं बोललो, पण तो कापूस माझ्या अल्बमसाठी वेचलेला नव्हता. दुपारपर्यंत खोली रिकामी झाली, मी पण गाठोडी उचलू लागलो. संध्याकाळी आत जाऊन टाळी वाजवली तर भिंतीभिंतीतून "टर्रर्र" असा आवाज आला, समोरासमोरच्या दोन भिंती टाळी एकमेकींकडं फेकत होत्या.

मग मायनं माळवदाखालच्या सगळ्या वाकळा काढल्या, अकरा निघाल्या. एक तिच्या आईची, नऊवारीच्या पट्ट्यांची, एवढी जड की दोघांनी उचलावी लागते. खुंट्यांना दोऱ्या बांधून त्या टांगल्या, भिंतीला चिकटवून नाही, भिंत आणि वाकळ यात हातभर जागा सोडून, तसं केलं की खालचा आवाज पण जरा जास्त खपतो. टर्रर्र गेलं. पण कापसाची ती शांतता परत आली नाही. खोलीला आता एक लहानसा श्वास होता, गाणं संपलं की अर्धा सेकंद काहीतरी राहायचं. मी आठवडाभर अस्वस्थ होतो, पहिली पाच परत करावीत का सगळीच वाकळांच्या खोलीत. शेवटी नाही केली. अल्बममधे पहिली पाच गाणी कापसातली आहेत आणि सहाव्यापासून खोली उघडते. सातव्यात मागं लांबून रेल्वेची शिट्टी आहे, मनमाड-परभणी लाईन आमच्या शिवारापासून लांब नाही. तो टेक गाण्याच्या दृष्टीनं सगळ्यात चांगला होता, ठेवला.

आणि आता जे मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते. नऊपैकी चार गाणी बँडची आहेत आणि त्यात ब्रासच्या जागा आहेत, चार चार, आठ आठ आवर्तनांच्या, जिथं मी स्टेजवर पाणी पितो आणि चाचा वाजवतात. एकट्यानं गाताना तिथं काय करायचं? मी पहिल्यांदा तोंडानं ती धून गुणगुणली. मग शीळ घातली. मग आबांच्या पेटीवर बसवली. तिन्ही व्हर्जन होती माझ्याकडं, पेटीवालं मला चांगलं वाटत होतं. एप्रिलमधे चाचांची सुपारी सेलूला होती. रात्री वरात संपल्यावर मी भेटायला गेलो, कार्यालयाच्या मागं पथकातले लोक जेवायला बसले होते, चाचांनी हात धुतले, हेडफोन लावला आणि डोळे मिटून पेटीवालं पूर्ण ऐकलं. मग म्हणले,

"मेरी जगा में ये किसकू बिठाया?"

मी सांगायला लागलो की चाचा रिकामं वाटतं, लोक गाणं बदलतील, तर त्यांनी मधेच थांबवलं. "खाली लगताय तो लगन दे. मैं नहीं हूं ना उसमें? तो नहीं हूं. भरता कायकू?"

रागावलेले नव्हते. पण मी गाडीवर परत येताना मला त्याचंच वाईट वाटत होतं की ते रागावले नाहीत. इतक्या दिवसात बँडमधल्या कुणालाच मी नीट बसून सांगितलं नव्हतं की मी एकटा करतोय, का करतोय, त्यांची गाणी घेतोय. लग्नसराईचं कारण सांगत होतो आणि ते खरं पण होतं, तरी सांगायला पाहिजे होतं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना फोन केले. ड्रमर थोडा तुटक बोलला, नंतर आठ दिवसांनी स्वतःहून त्याचा फोन आला.

ब्रासच्या जागांवरची पेटी, शीळ, गुणगुण सगळं काढून टाकलं. त्या जागांवर आता फक्त स्कँक आहे. चक्, आणि काही नाही, चक्, आणि काही नाही, आठ आवर्तनं. पहिल्यांदा ऐकताना फार लांब वाटतं. दुसऱ्यांदा ऐकताना माझा पाय हलला, आणि कॉलेजपासूनचा तो प्रश्न होता ना, ड्रम नसताना पाय कसा हलतो, तर तिथं, त्या रिकाम्या "एक" वर तुमचा स्वतःचा पाय पडतो कारण दुसरं कुणी ती जागा घेत नाही. मी इतकी वर्षं ती जागा घाईघाईनं भरत होतो.

मिक्सिंगचं फार सांगण्यासारखं नाही. पुण्याच्या एका मित्रानं केलं, त्यानं पहिल्या पाच गाण्यांवर रिव्हर्ब, म्हणजे खोली घुमल्यासारखा इफेक्ट, टाकून पाठवला, मी काढायला लावला. स्ट्रीमिंगवाले गाण्याचा आवाज साधारण उणे १४ एलयूएफएसवर (आवाज किती मोठा ते मोजायचं माप) आणून ठेवतात त्यामुळं मोठं करून पाठवण्यात अर्थ नव्हता, हळू ते हळूच राहू दिलं. गाणी स्ट्रीमिंगवर पोचवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरकडून एकदा अल्बम परत आला, कव्हरवरचं देवनागरी नाव आणि फॉर्ममधलं नाव जुळत नाही म्हणून, त्यात बारा दिवस गेले.

फॉर्ममधे एक रकाना मात्र मी मन लावून भरला. प्रत्येक गाण्याला स्वतःचा बारा अक्षर-आकड्यांचा आयएसआरसी कोड, म्हणजे त्या रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक, मिळतो आणि त्याच्यासोबत गीतकार संगीतकार यांची नावं जातात. एका गाण्याची अंतऱ्याची चाल मूळ चाचांची ट्रम्पेटची ओळ आहे, मी फक्त तिला शब्द दिले. संगीतकार म्हणून त्यांचं नाव घातलं. आधारवर जसं आहे तसंच लागतं म्हणून फोन करून विचारलं तर त्यांना आधी कळेना कशाला पाहिजे. कळल्यावर ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत, मग कार्ड शोधून एकेक अक्षर सांगितलं, आणि मी लिहिलेलं परत वाचून दाखवायला लावलं.

मेच्या शेवटी अल्बम आला त्या दिवशी ते मानवतला होते. मी गेलो. वरातीला अजून वेळ होता, पथकाचा टेम्पो झाडाखाली उभा, चाचा कोटाची बटणं लावून मागच्या फळीवर बसलेले, मांडीवर ट्रम्पेट. एक इअरफोन त्यांना दिला, एक मी घेतला. त्यांचं गाणं लागलं. ती आठ आवर्तनं आली, चक्, आणि काही नाही, आणि मी खाली बघितलं तर त्यांची तीन बोटं वाल्व्हवर हलत होती, पूर्ण धून, एकही सूर न सोडता, ट्रम्पेट ओठाला न लावता. आवर्तनं संपली, माझा आवाज आला, आणि बोटं थांबली.